मॅजिस्ट्रेटबाईंची दाढ

नेई आकोया, म्हणजे आकोयाबाई, पॅसिफिक महासागरातल्या आमच्या बेटाची मॅजिस्ट्रेट झाली त्याच आठवड्यात तिचं शिवणाचं मशीन गेलं. चोरीला नव्हे. आमच्याकडे चोरायची गरजच काय? अभिनंदन करायला आलेली चुलतजाऊ मशीनवरून हात फिरवत म्हणाली, "अगबाई, काय गुळगुळीत चालतं गं हे! मला दे ना." झालं. आकोयानं स्वतःच्या हातानं त्यावर कापड बांधलं आणि हातगाडीवर चढवून दिलं. याला बुबुसी म्हणतात. आपल्या माणसानं मागितलं की द्यायचं. नाही म्हणणाऱ्याला कुणी मारत नाही की शिव्या देत नाही. फक्त त्याची नातवंडं म्हातारी होईपर्यंत ती गोष्ट सांगत राहतात.

मशीनच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत आकोयाच्या मनात आलं, आज मशीन मागितलं, उद्या कुणी निकाल मागितला तर? ही भीती काही हवेतली नव्हती. तिच्या आधीचे मॅजिस्ट्रेट इतके देणारे होते, की नारळाच्या एकाच बागेचा निकाल त्यांनी सकाळी एका भावाला दिला आणि दुपारी दुसऱ्याला. दोघेही खुशीत घरी गेले आणि संध्याकाळी त्याच बागेत त्यांनी एकमेकांची डोकी फोडली.

म्हणून पहिल्याच दिवशी आकोयानं मानेआबात, म्हणजे गावाच्या सभाघरात, उभं राहून सांगून टाकलं, "ऐका. माझं जे असेल ते मागा. पातेलं मागा, चटई मागा, अंगावरचं लुगडं मागितलंत तर आत जाऊन दुसरं नेसेन आणि हे देईन. पण निकाल माझा नाही. तो कोर्टाचा. दुसऱ्याची वस्तू मी कशी देऊ?"

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. हे रास्तच होतं. जे आपलं नाही ते देता येत नाही, हे बेटावरच्या सगळ्यात हावऱ्या माणसालाही मान्य होतं.

लोकांनी यातला पहिला भाग फारच मनावर घेतला. काही वर्षांत तिच्या घरात एक पातेलं, एक चटई, मासे धरायचं जाळं आणि भिंतीवरचा येशू एवढंच उरलं. येशूला अजून कुणी मागितलं नव्हतं.

पण तिनं आणखी एक नियम केला होता, जो ती कुणाला बोलली नव्हती. तो असा, की आपण कुणाकडेच काही मागायचं नाही. जो आज मागतो त्याला उद्या नाही म्हणता येत नाही. आणि लोकांना लागलं ते हेच. आमच्याकडे मागणं म्हणजे लाचारी नव्हे, माया आहे. माझं तुझ्याशिवाय चालत नाही, असं तोंडानं म्हणायला लाज वाटते, म्हणून माणूस चिमूटभर मीठ मागतो. शेजारीण कुंपणापाशी मीठ घेऊन उभी राहायची.

"आकोया, मीठ संपलं असेल ना गं?"

"आहे की."

"मग काडेपेटी?"

"आहे."

"चूल तर पेटलेली दिसत नाही कालपासून!"

"उकडतंय फार."

शेजारीण तणतणत घरी जायची. "एवढी कसली घमेंड! भरल्या घरानं मागितलं नाही तर समजू शकते. हिच्या घरात उंदीरसुद्धा उपाशी मरतात!"

दुसऱ्याच्या घरी जेवणंही आकोयानं सोडलं. रविवारी प्रार्थना आटोपली की गावभर भट्ट्या पेटायच्या, ब्रेडफ्रूट, म्हणजे विलायती फणस, भाजल्याचा वास सुटायचा, घराघरांतून हसण्याचे आवाज यायचे, आणि ही आपली रस्त्याकडे पाठ करून एकटी मासा खात बसायची. अशा वेळी तिला त्या पदाचा मनापासून राग यायचा.

तिचा मामेभाऊ कौतुना हा बेटाच्या कौन्सिलचा मेयर. दोघं एकाच घरात, एकाच चटईवर वाढलेली, म्हणजे आमच्या हिशेबानं सख्खा भाऊच. तरुणपणी तो जर्मन जहाजांवर खलाशी होता. तिथून येताना त्यानं दोन गोष्टी आणल्या, एक मोठा आवाज आणि दात उपटायची पक्कड. बेटावर दातांचा डॉक्टर कधीच नव्हता, त्यामुळे ज्याची दाढ ठणकेल तो कौतुनाकडे जायचा. कौतुना पैसे घेत नसे. तो खुळा नव्हता. पैसे घेतले की व्यवहार तिथंच संपतो. फुकट काढलेली दाढ निवडणुकीपर्यंत आठवते.

तर या कौतुनाच्या कौन्सिलनं डुकरांचा नियम केला. मोकळी डुकरं बाबाईच्या, म्हणजे आमच्या दलदलीतल्या अळूच्या, खाचरात शिरून कंद उकरतात, हे खरंच होतं. नियम असा, की मोकळं दिसलेलं डुक्कर कौन्सिलचा माणूस धरणार, ते जप्त करायचं की नाही हे कौन्सिलच ठरवणार, आणि जप्त झालेलं डुक्कर कौन्सिलच्या मालकीचं. आता कौन्सिलच्या मालकीचं डुक्कर म्हणजे काय ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. नियम त्यांनीच केला, धरलं त्यांनीच, न्याय त्यांनीच केला आणि सभा संपल्यावर भाजून खाल्लंही त्यांनीच. कुंपणच शेत खाऊ लागलं, आणि वर ढेकर देऊन म्हणायला लागलं की शेताची राखण चाललीय.

लोक कुरकुरले आणि गप्प बसले. तोंडात कौतुनानं दाढ काढल्याचं भोक असताना माणूस कुठल्या तोंडानं बोलणार? गप्प बसला नाही तो एकटा तोआकाई. हा नीरा काढणारा. सकाळ-संध्याकाळ माडावर चढायचा, आणि माडावर चढलेल्या माणसानं गावं हा आमच्याकडचा रिवाजच आहे. त्याची गाभण डुकरीण कौन्सिलच्या पंगतीला गेल्यापासून त्यानं देवाची गाणी सोडली आणि स्वतःचं एक रचलं:

"मेयरचं पोट, बघा मेयरचं पोट,
आत ओरडतीय माझी डुकरीण, वर हा चाटतोय ओठ!"

कॉन्स्टेबल माडाखाली येऊन उभा राही. तोआकाई वरच बसे. शेवटी कॉन्स्टेबलला भूक लागे आणि तो निघून जाई. असं बरेच दिवस चाललं, आणि मग तोआकाई माडावरून उतरला तो थेट कोर्टात गेला. कौन्सिलवर खटला घालणारा बेटावरचा तो पहिलाच माणूस.

कौतुना मेयर आकोयाचा भाऊ, तर तोआकाई तिच्या वारलेल्या नवऱ्याचा आतेभाऊ. नात्यातला खटला चालवायचा नाही असं ठरवलं असतं तर आमच्या कोर्टापुढे समुद्रपक्षी आणि वाट चुकून आलेला एखादा पाद्री एवढेच उभे राहू शकले असते. म्हणून तारीख लागली. आणि त्याच आठवड्यात आकोयाची दाढ दुखायला लागली.

दुखायला लागली म्हणजे साधी नव्हे. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं म्हणतात, हे तर हत्तीवर बसून आलं होतं. उजवा गाल कच्च्या ब्रेडफ्रूटसारखा टम्म फुगला. दवाखान्यातला एकुलता एक माणूस भाचीच्या लग्नाला राजधानीला, तारावाला, गेलेला, आणि लग्न संपलं तरी जहाज काही परत आलं नव्हतं. राहिला कोण? पक्कडवाला.

आकोयानं मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या. नोनीचा पाला चावला. दाढेला मासेमारीची दोरी बांधून दुसरं टोक दाराला बांधावं आणि दार आपटावं, असंही तिच्या मनात आलं. पण दार गेल्या वर्षी दिरानं मागून नेलं होतं.

कौतुनाला हे सगळं दुपारपर्यंत कळलं. बेटावर दाढ झाकून राहत नाही. तो मोटरसायकलवरून तिच्या घरापुढून जाऊ लागला. बरोबर कुंपणापाशी आला की गाडी हळू करायचा.

"आकोया! गाल भरलाय गं. तब्येत सुधारलेली दिसते."

"हो. अन्न अंगी लागतंय."

"दुखत-बिखत नाही ना?"

"कुणाला?"

"नाही, आपलं विचारलं. माझी पक्कड नुसती पडून आहे बघ. गंजेल."

"तेल लाव, दादा."

तो हसत पुढे जायचा आणि परतीच्या वाटेवर पुन्हा गाडी हळू करायचा. त्याला फक्त एक शब्द हवा होता. न मागता दिलेलं आमच्याकडे धरत नाहीत. तिनं स्वतःच्या तोंडानं 'काढ' म्हणायला हवं होतं. नाक दाबलं की तोंड उघडतं, आणि इथं तर देवानंच नाक दाबून दिलं होतं. एकदा का तिनं मागितलं, की खटल्याच्या आदल्या दिवशी तो शांतपणे म्हणणार होता, "आकोया, त्या तोआकाईचं प्रकरण जरा पुढे ढकल." ढकलणं तर तिच्या हातात होतं. ते कोर्टाचं आहे, असं तिला म्हणता आलं नसतं.

सगळ्या गावाला या खेळाची मजा वाटू लागली. कावा नावाचं झिंग आणणारं पेय प्यायला बसणाऱ्यांनी बिस्किटांच्या पुड्यांच्या पैजा लावल्या. बरेचसे कौतुनाच्या बाजूनं होते. "दाढेपुढे कायदा टिकत नाही," असं एकानं ठणकावून सांगितलं, कारण त्याच्या तीन दाढा कौतुनानं काढल्या होत्या. शेजारीण कुंपणापाशी येऊन रडवेल्या आवाजात म्हणाली, "माग गं बाई. एकदाच माग. मला बघवत नाही." आकोयानं मान हलवली. बोलणं आता शक्यच नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय हे तिला त्या आठवड्यात पुरतं कळलं, आणि खरं सांगायचं तर एकदा, फक्त एकदाच, ती उठून कौतुनाच्या घराच्या निम्म्या वाटेपर्यंत गेलीही होती. तिथं माडावरून तोआकाईचं गाणं ऐकू आलं. बेसूरच गात होता. ती मागे फिरली.

खटल्याच्या दिवशी मानेआबा गच्च भरला. कोर्टाच्या स्वतःच्या खोपटाचं छप्पर कौन्सिल पुढच्या महिन्यात शाकारून देणार होतं. तो पुढचा महिना आम्ही बरीच वर्षं ऐकत होतो. म्हणून कोर्ट मानेआबातच बसे. मधोमध टेबल, टेबलामागे तिघं. आकोयाच्या उजवीकडचे बुवा शेवटी जो बोलेल त्याच्याशी सहमत होत. डावीकडचे झोपत.

कौतुनानं कौन्सिलची बाजू स्वतःच मांडली, आणि मुद्दाम लांबवत मांडली. बोलता बोलता तो तिच्या गालाकडे बघत होता. त्यानं बाबाईच्या खाचरांचं वर्णन केलं, पूर्वजांचं केलं, हॅम्बुर्ग बंदरातल्या स्वच्छतेचंही केलं. "कौन्सिल लोकांनी निवडलेलं आहे," तो गरजला. "या बाईंना कुणी निवडलंय? तारावाहून एक कागद आला एवढंच! मग लोकांच्या कौन्सिलच्या वर या कशा?"

यावर बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. प्रश्न काही वाईट नव्हता.

तोआकाई उभा राहिला आणि म्हणाला, "माझी डुकरीण गाभण होती." मग खाली बसला.

आकोयानं तोंड उघडलं. एरवी तिचे निकाल लांबलचक असायचे; त्यात दोन्ही बाजूंच्या आज्यांपर्यंत जाऊन विचारपूस असायची. आज एकेक शब्द कळ घेऊन येत होता. त्यामुळे बेटाच्या इतिहासातला सगळ्यात आखूड निकाल आम्हाला ऐकायला मिळाला.

"वर नाही. बाजूला. नियम करणं तुमचं. डुक्कर धरणं तुमचं. शिक्षा ठरवणं कोर्टाचं. डुकरीण द्या परत."

"खाल्ली ना ती," कौन्सिलमधलं कुणीतरी बोलून गेलं.

"मग दुसरी द्या. गाभण."

तोआकाईनं आनंदानं मांडीवर थाप मारली. आकोया त्याच्याकडे वळली.

"डुकरीण मोकळी होती?"

"म्हणजे... जरा पाय मोकळे करत होती."

"नियम मोडला. दंड भर."

"मी? अहो, मी तर जिंकलो ना!"

"ते वेगळं."

उजवीकडच्या बुवांनी लगेच मान हलवली. डावीकडचे जागे झाले, आणि सगळे त्यांच्याकडे बघत होते म्हणून त्यांनीही हलवली. कौतुनाचा चेहरा काळवंडला. "तारावाला अपील करीन!" तो म्हणाला. आकोयानं कारकुनाला खूण केली, यांना अपिलाचा अर्ज द्या.

काम संपलं. लोक उठायला लागले, तेवढ्यात आकोया टेबलामागून बाहेर आली. पण घरी जायला वळली नाही. मानेआबात प्रत्येक घराण्याची बसायची जागा ठरलेली असते, बापजाद्यांपासूनची. ती सरळ आपल्या आजोळच्या जागेवर गेली आणि चटईवर मांडी घालून बसली, म्हणजे बरोबर कौतुनाच्या शेजारी. मॅजिस्ट्रेट झाल्यापासून ती तिथं बसली नव्हती.

"दादा," ती म्हणाली, "माझी दाढ काढून दे."

उठलेले सगळे पुन्हा खाली बसले.

कौतुना तिच्याकडे बघतच राहिला. आत्ता? सगळं झाल्यावर? पण मागितलं होतं, तेही घराण्याच्या जागेवर बसून, सगळ्या गावापुढे. नाही म्हणायची सोय नव्हती. त्यानं खिशात हात घातला. पक्कड खिशातच होती, स्वच्छ फडक्यात गुंडाळलेली, आणि फडकं अजून ओलं होतं. म्हणजे सकाळी निघताना त्यानं ती उकळून आणली होती. निकालाआधी ही हार मानेल म्हणून, की हिला दुखतंय म्हणून? आकोयाला ते कळलं नाही.

ती आडवी झाली. दोघीतिघींनी हात धरले. न्यायालय आ वासून चटईवर पडलं होतं आणि सरकारच्या हातात पक्कड होती. मागच्या रांगेतले लोक गुडघ्यांवर उभे राहिले. कौतुनानं पक्कड दाढेला लावली आणि वाकून विचारलं, "काय गं, निकाल काय होता मघाशी?"

"आ."

"बदलायचाय का?"

"आं-आं!"

मानेआबा हसण्यानं दणाणला, आणि त्या हसण्यातच कौतुनानं झटका दिला. एकाच झटक्यात दाढ बाहेर. इतकी अलगद त्यानं आजवर कुणाचीच काढली नव्हती, असं तीन दाढांवाला नंतर जरा हेव्यानंच म्हणाला.

आकोया उठून बसली. तोंडात फडक्याचा बोळा, डोळ्यांतून पाणी. कौतुनानं पक्कड पुसली, खिशात ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आता माझी पाळी."

निकाल तर झाला होता, आणि तो तिचा नव्हताच. पण आकोयाच्या तेव्हा कुठं लक्षात आलं. पद! पद तर तिचं होतं. ते सोडणं तिच्या हातात होतं. 'राजीनामा दे' एवढंच तो म्हणाला असता, तर द्यावा लागला असता. लोकांच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण शेजारणीनं हातानं तोंड झाकून घेतलं होतं. सगळ्या बेटासाठी राखून ठेवलेली ती एवढी मोठी गोष्ट आपण एका दाढेपायी उघडी टाकली, म्हणून आकोयाला स्वतःचा भयंकर राग आला.

कौतुनानं घसा खाकरला. त्याचा आवाज कधी नव्हे तो लहान झाला.

"रविवारी माझ्याकडे जेवायला ये," तो म्हणाला. "इतकी वर्षं झाली. तेबौआ दर रविवारी मला विचारते, तुझी बहीण आपल्याकडे का येत नाही. बायकोला काय सांगू मी? अपील अपिलाच्या जागी राहू दे. तू ये आणि जेव."

नाही म्हणता येत नव्हतं. आणि हो म्हणावं, तर तारावाला अपील जाणार होतं, कौन्सिलचे आणखी खटले येणार होते, आणि मेयरच्या घरचं अन्न पोटात घेऊन ती ते ऐकणार होती. आकोयानं तोंडातला बोळा चावला. मग मान हलवली. येईन.

रविवारी ती आली. तेबौआनं नवी चटई अंथरली होती. भात, बाबाई, नारळाच्या दुधातले खेकडे आणि मधोमध भाजलेलं डुक्कर.

आकोयानं डुकराकडे पाहिलं.

"आमचंच आहे, आमचंच!" तेबौआ घाईघाईनं म्हणाली. "आमच्या कुंपणातलं! विचार कुणालाही!"

आकोया बसली. मग तिनं पदराआडून पानात बांधलेली पुरचुंडी काढली आणि समोर उघडून ठेवली. आत भाजलेला मासा होता. पहाटे ओहोटीला तिनं स्वतःच्या जाळ्यानं धरलेला.

"हे काय?" तेबौआचा आवाज चढला. "माझ्या घरात येऊन स्वतःची शिदोरी सोडतेस? अगं, कुणी ऐकलं तर काय म्हणेल!"

"दादा ये म्हणाला, आले," आकोया म्हणाली. "जेव म्हणाला, जेवतेय. कुणाचं जेव, ते तो बोलला नव्हता."

कौतुनानं पुरचुंडीकडे पाहिलं. मग तो हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, आणि बायकोनं रागानं त्याच्या पाठीत जरा जास्तच जोरात गुद्दा घातला.

सगळे जेवायला लागले. आकोया डाव्या बाजूनं जपून चावत होती. एक काटा उजवीकडे सरकला आणि जखमेत टोचला. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले. कौतुनानं ते पाहिलं. त्यानं हात धुतले, तिच्या पुढ्यातलं पान आपल्याकडे ओढलं आणि मासा सोलायला बसला. त्याची बोटं जाड होती, पण बारीकातला बारीक काटाही त्यांना सापडत होता. काटे त्यानं आपल्या ताटलीच्या कडेला काढून ठेवले आणि पान पुन्हा तिच्यापुढे सरकवलं.

"मासा तुझाच आहे," तो म्हणाला. "मी काही दिलेलं नाही."

आकोयानं थोडा विचार केला. काटे काढून देण्याबद्दल कायद्यात कुठं काही लिहिलेलं तिला आठवेना. ती जेवली. दुसऱ्याच्या चटईवर बसून जेवताना तिला फार बरं वाटत होतं, आणि तेबौआ तिला भात वाढण्यासाठी पळी घेऊन उगाचच तिच्याभोवती घुटमळत होती.